शुभकार्याले मायनस नको

आमच्या सिंदी मेघेच्या गल्लीत प्रत्येक घरामागे काही ना काही लागलेलं होतं. कुणाच्या बोअरला पाणी नव्हतं, कुणाच्या सासूसुनेचं पटत नव्हतं, आणि आमच्या शेजारी प्रभाकरभाऊ राहत होते.

भाऊ सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. कुठल्या खात्यातून, ते सांगत नाही. खात्याने त्यांना ऐन उमेदीत सहन केलं, आता आणखी त्रास कशाला. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, आधीच वारल्या होत्या. निवृत्तीनंतर माणसं देवाला लागतात, फार तर बागेला लागतात. भाऊ हँडीकॅमला लागले. तो त्यांच्या पुण्याच्या मुलाने आणून दिला होता. वडिलांनी येता-जाता फोन करू नये, त्यांच्या हाताला काही काम असावं, एवढाच त्या बिचाऱ्याचा हेतू असणार. तो साध्य झाला. मुलगा सुटला आणि गल्ली सापडली.

"बेसिक समजून घ्या," हे त्यांचं पालुपद. दूध पातळ आहे असं चारचौघांसारखं ते कधी म्हणाले नाहीत. ते दूधवाल्याला दुधाचं बेसिक सांगायला घेत. दूधवाला मान डोलावत पुढच्या दोन घरी दूध घालून परत यायचा, तेव्हा भाऊ नुकते फॅटपर्यंत पोचलेले असायचे.

त्यांच्या तोंडात दोन भाषा नांदत होत्या. यंत्राविषयी बोलताना रेडिओवरच्या बातम्यांसारखी शुद्ध मराठी. राग आला की तीच जीभ थेट हिंगणीला जाऊन पोचायची. बोर धरणाजवळचं हिंगणी हे त्यांचं गाव, आणि तिथे त्यांचे थोरले भाऊ नामदेवराव घरच्या वावरात भाजीपाला करत होते. "तुमचा दृष्टिकोन शास्त्रीय नाही" हे पहिलं वाक्य आणि "तुले काय समजते बे!" हे दुसरं, यांच्यामध्ये भाऊ श्वाससुद्धा घेत नसत.

आम्ही डीव्हीडी प्लेयर घ्यायचं ठरवलं, ही बातमी मी शिकवते त्या शाळेतल्या मैत्रिणींनाही सांगितली नव्हती. तरी आम्ही दुकानात पोचलो तेव्हा भाऊ आमच्या आधी तिथे हजर. हातात पिशवी, पिशवीत तऱ्हेतऱ्हेच्या तबकड्या. दुकानदार एकेक प्लेयर काढायचा, भाऊ त्यात एकेक तबकडी घालायचे, कान लावून आतला आवाज ऐकायचे आणि डॉक्टरसारखी मान हलवायचे. दुपारपर्यंत दुकानातले सगळे प्लेयर खोक्याबाहेर आले होते. शेवटी दुकानदाराने हात जोडले.

"काका, तुम्ही प्लेयर घेऊन राह्यले का तपासणीले आले?"

"घेणार मॅडम आहेत," भाऊ माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "मी फक्त जबाबदारी घेतो आहे."

आम्ही जो प्लेयर घरी आणला तो जगातली कुठलीही तबकडी वाचतो, असं भाऊंनी जाहीर केलं. खरंच वाचायचा. आमच्याकडे त्याला वाचायला देण्यासारखं काही नव्हतं, ही वेगळी गोष्ट.

हँडीकॅम आल्यापासून गल्लीत एकही कार्य भाऊंशिवाय झालं नाही. बारसं, डोहाळजेवण, सत्यनारायण. एकदा तर वीजवाले ट्रान्सफॉर्मर बदलायला आले तेही त्यांनी टिपलं. कॅमेरा सुरू केला की त्यांची पहिली सूचना असायची, "हलू नका!" हलतं चित्र काढण्यासाठी एवढा पैका टाकून आणलेलं यंत्र, आणि त्याच्यासमोर अख्खी गल्ली झेंडावंदनाला उभी राहिल्यासारखी ताठ. सत्यनारायणाच्या पूजेत भटजीही थबकायचे, मग कथेतला साधुवाणी तेवढा वेळ जहाजातच अडकून राहायचा.

त्या उन्हाळ्यात नामदेवरावांनी जुनं मातीचं घर पाडून हिंगणीला स्लॅबचं घर बांधलं. वास्तूला आम्हालाही बोलावणं होतं. नामदेवराव ठेंगणे, काळेसावळे, डोक्यावर पांढरी टोपी. दोघे भाऊ एकाच आईच्या पोटचे, पण शब्दांची वाटणी अगदीच एकतर्फी झाली होती. नामदेवराव दिवसातून मोजकं बोलायचे. जे बोलायचे त्यावर समोरच्याला घरी गेल्यावर हळद लावावी लागायची.

भाऊंनी दिवसभर शूटिंग केलं आणि ऐन पंगतीत उभं राहून घोषणा केली, की या सोहळ्याची डीव्हीडी प्रत्येक नातेवाइकाच्या घरी पोचेल. लोकांनी पानावरची नजर न उचलता माना डोलावल्या. नामदेवराव वाढता वाढता म्हणाले, "जेवू दे त्यायले. सुखानं जेवून राह्यले तं धमकी काऊन देतं?"

आता प्रश्न आला, तबकडी कुठली घ्यायची. मला भाऊंनी अनेकदा समजावल्यामुळे जे कळलं ते असं, की कोऱ्या डीव्हीडीची दोन घराणी असतात, मायनस आणि प्लस. दिसायला जुळ्या बहिणी. पण काही प्लेयरना एकच चालते, दुसरी आत घातली की ते ओळखच दाखवत नाहीत. शिवाय पुसून पुन्हा भरता येते अशी तिसरी एक असते. साधा माणूस दुकानदार देईल ती घेऊन घरी येतो. भाऊंनी अभ्यास आरंभला. वास्तू उन्हाळ्यात झाली, अभ्यास दिवाळीपर्यंत चालला. शूटिंगमध्ये रांगणारं पोर तोवर अंगणात पळायला लागलं होतं.

शेवटी त्यांच्या ओसरीवर बैठक बसली. गल्लीतले आम्ही चार जण पोह्यांसाठी आणि कॉम्प्युटरच्या दुकानातला पंकज तज्ज्ञ म्हणून.

"काका, मायनस घ्या," पंकज पहिल्या घासालाच म्हणाला. "खेड्यातले प्लेयर जुने अन् स्वस्तातले राह्यते. मायनस भायेर कुठंही चालते. प्लसचं सांगता येत नाई."

"पंकज, हे धंदेवाईक उत्तर झालं. बेसिक समजून घे. प्लस मायनसच्या नंतर आली. जी वस्तू नंतर येते ती आधीच्या वस्तूपेक्षा सुधारलेली असते."

"काका, नंतर तं डेंगूही आला."

आम्ही पोह्यांत तोंडं लपवली. भाऊंच्या कानाच्या पाळ्या तांबड्या झाल्या आणि शुद्ध मराठी ओसरीवरून खाली उतरली.

"अन् माह्या दादाच्या घराच्या शूटिंगले मायनस लावू? शुभकार्याले मायनस? तुले काय समजते बे!"

विज्ञानाने सुरू झालेली चर्चा अशी मुहूर्तावर येऊन थांबली. प्लस ठरली. पंकजने दुसऱ्यांदा पोहे घेतले. त्याचा अभ्यास संपला होता.

संक्रांतीच्या सुमारास तबकड्या घरोघर पोचल्या. प्रत्येकीवर भाऊंच्या सुरेख अक्षरात वर 'श्री', खाली नामदेवरावांचं नाव, आणि कडेला बारीक सूचना, 'बोटे लावू नयेत'. मग फोन यायला लागले. रोहण्याहून नामदेवरावांचे जावई म्हणाले, "काकाजी, आमच्या प्लेयरनं जीभ भायेर काढली अन् थुंकली तिले." सेलूच्या एका मामांच्या प्लेयरने ती आत घेतली, दिवसभर घरघर केली आणि त्यानंतर तो प्लेयर कुठलीच तबकडी घेईनासा झाला. बाकी सगळ्यांच्या टीव्हीवर एकच पाटी, 'नो डिस्क'. भाऊंचं सगळ्यांना एकच उत्तर होतं. तबकडी बरोबर आहे, तुमचा प्लेयर मागासलेला आहे, तो बदला. एका तबकडीसाठी अख्ख्या भावकीने प्लेयर बदलावेत, ही मागणी त्यांना अवाजवी वाटली नाही. भावकीला मात्र वाटली. ज्यांच्या घरी ती नक्की चालली असती असे आम्ही. पण भाऊ ती दाखवायला येणार म्हणताच माझ्याकडे त्या महिन्यात इतके पाहुणे यायला लागले, की मलाच त्यांची नावं पुरेनात.

पुढच्या हिवाळ्यात एका रविवारी आम्ही बोर धरणाकडे निघालो होतो. भाऊ म्हणाले, मला हिंगणीला सोडा. नामदेवराव घरी नव्हते, वावरात होते, म्हणून आम्ही गाडी तिकडे घेतली. आणि गाडीतूनच दिसलं. मिरचीच्या वाफ्यांमध्ये काठ्या रोवलेल्या, काठ्यांना दोऱ्या बांधलेल्या आणि दोऱ्यांना भाऊंच्या तबकड्या. ज्यांच्याकडे चालली नाही त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी ती लग्नाकार्यात भेटल्यावर नामदेवरावांना परत दिली होती. अख्खं वावर चकाकत होतं.

"दादा, हे काय होय?"

"तुह्या सीड्या," नामदेवराव म्हणाले.

"मले दिसून राह्यल्या. पण वावरात काऊन?"

"राघू लय सतावत होते मिरचीले. आता फिरकत नाई." नामदेवरावांनी जवळच्या तबकडीला टिचकी मारली. ती गरगर फिरली, 'श्री' आणि 'बोटे लावू नयेत' एकमेकांत मिसळून गेलं. "लोकं म्हणत होते चालत नाई म्हून. हे पाह्य, कशी मस्त चालून राह्यली."

"माही येवढी मेहनत पाखरं हाकलाले?"

"पाखरायले तरी समजली नं," नामदेवराव म्हणाले, आणि मिरच्या तोडणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून वाकल्या त्या बराच वेळ वर आल्या नाहीत.

भाऊ गाडीत येऊन बसले. या वावरात पुन्हा पाय ठेवणार नाही, असं त्यांनी काच वर करून सांगितलं, म्हणजे ते फक्त आम्हाला ऐकू आलं. त्यांनी शब्द पाळला. नामदेवराव मात्र सकाळच्या एसटीने पूर्वीसारखीच भाजीची पिशवी पाठवत राहिले. वांगी, पालक, सांभार म्हणजे आपली कोथिंबीर, आणि मूठभर मिरच्या हटकून. भाऊ ती घेत. "भाजीचा यात काही दोष नाही," ते मला म्हणायचे. हिंगणीला जाऊन हे भावाला सांगावं, एवढं बेसिक मात्र त्यांना कुणी समजावू शकलं नाही. अशी काही वर्षं गेली.

मग एक दिवस नामदेवराव वावरात पाणी देता देता बांधावर बसले, ते उठलेच नाहीत.

तेरवीला आम्ही गेलो होतो. जेवणं उरकल्यावर वहिनी, म्हणजे नामदेवरावांच्या पत्नी, भाऊंसमोर येऊन बसल्या. शांत बाई. रडून झालं होतं.

"भाऊजी, तुमच्या त्या शूटिंगमंदी हे हायेत नं?"

"हायेत नं वैनी. कितीतरी जागी हायेत."

"फोटो हाये माह्यापाशी. पण फोटो काई बोलत नाई. मले एकडाव चालता-बोलता दाखवा त्यायले."

"दाखवतो. येवढ्यातच घेऊन येतो," भाऊ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या दारात उभे होते. दाढी वाढलेली, सदऱ्याची गुंडी वर-खाली. बोलत मात्र नव्हते, म्हणून मी घाबरले. हळूहळू कळलं ते असं. तबकडी म्हणजे पिढ्यान् पिढ्यांची सोय, अशी त्यांची खात्री होती. म्हणून हँडीकॅमच्या मूळ कॅसेटवर त्यांनी नंतर गल्लीचा गणपती उतरवला होता. स्वतःसाठी ठेवलेली प्रत पुसता येणाऱ्या जातीची होती. तिची सुधारित आवृत्ती काढायची म्हणून ती त्यांनी पुसली. आवृत्ती निघायची राहिली. शास्त्रशुद्ध रीतीने, कुठलीही चूक न करता, भाऊंनी आपल्या भावाला सगळीकडून पुसून टाकलं होतं.

मग सुरू झाली शोधाशोध. ज्या वावरात पाय ठेवणार नव्हते तिथे भाऊ वाफ्यावाफ्यातून फिरले आणि दोऱ्या सोडून तबकड्या पिशवीत भरून आणल्या. उन्हापावसाने त्यांचा रंग उडाला होता, काहींचे पापुद्रे निघत होते. आमच्या सर्वज्ञ प्लेयरमध्ये एकेक घालून पाहिली. 'नो डिस्क'. पुढची. 'नो डिस्क'. भाऊ प्रत्येक तबकडी काढून पुन्हा पुसायचे, पुन्हा घालायचे. मी चहा केला, तो निवला. "राघू हुशार निघाले," ते एकदा पुटपुटले, तेव्हा मला हसूही आलं नाही.

मग फोन. सगळ्या भावकीला. एकाने सायकलच्या चाकात लावली होती, ती पडली. एकीच्या घरी तिच्यावर चहाचा गंज, म्हणजे पातेलं, ठेवत. सेलूच्या मामांनी तर विषय निघताच फोन ठेवला. शेवटी रोहण्याला नामदेवरावांची मुलगी मनीषा म्हणाली, "काका, माह्यापाशी हाये. चालत नव्हती, पण बाबाच्या घराची होती, फेकवेना. देवघरात गणपतीच्या मागं उभी करून ठेवली. दिव्यात मस्त चमकते."

भाऊ मिळेल त्या एसटीने रोहण्याला पोचले. तिथे मनीषाची सासू आडवी आली. "देवामागचं तेज काढून नेता काय? अन् आमचा गणपती काय भुंडा बसवू?" भाऊंनी तिला बेसिक सांगितलं नाही. ते मुकाट्याने आर्वीला गेले, नवी कोरी तबकडी घेऊन आले आणि गणपतीमागे उभी करून जुनी उचलली. आर्वीच्या दुकानात फक्त मायनस शिल्लक होती. गणपतीने काही तक्रार केली नाही.

तबकडीवर काजळी आणि तेलाचा थर होता. भाऊंनी ती साबणाच्या पाण्याने धुतली, मऊ फडक्याने टिपली. मी म्हटलं, "आधी आमच्याकडे लावून बघू या." त्यांनी मान हलवली.

"नाई मॅडम. चालली तं वैनीसमोर चालंन. नाई चालली तं वैनीसमोर नाई चालंन."

म्हणून मांडीवर आमचा प्लेयर घेऊन मीही हिंगणीला गेले. भाऊ पुढच्या सीटवर रुमालात गुंडाळलेली तबकडी धरून बसले होते. टीव्ही माजघरात होता. वहिनी आल्या, मनीषा आली, शेजारच्या दोन बाया आल्या. भाऊंनी तबकडी घातली. घरघर झाली. निळा पडदा. मग आणखी घरघर. भाऊंनी डोळे मिटून घेतले होते, म्हणून चित्र आलं ते त्यांनाच सगळ्यांत शेवटी कळलं.

नवीन घराचं दार. आंब्याची पानं. आणि दारातून टोपी सारखी करत बाहेर येणारे नामदेवराव. वहिनी गुडघ्यांवर सरकत टीव्हीच्या अगदी जवळ गेल्या. नामदेवराव कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी म्हणाले. ओठ हलताना स्पष्ट दिसले. आणि टीव्हीतून खणखणीत आवाज आला तो प्रभाकरभाऊंचा.

"आता मी झूम करतो आहे. हा ऑप्टिकल झूम आहे, डिजिटल नाही, बेसिक समजून घ्या. डिजिटलमध्ये चित्र फाटतं..."

भाऊंनी मागे घेतलं, पुन्हा लावलं. नामदेवराव पुन्हा बाहेर आले, पुन्हा बोलले, आणि पुन्हा झूम. पुढे मंडपात नामदेवराव कुणाशी बोलत होते, तिथे प्रकाशयोजना. चुलीजवळ वहिनींना काही सांगत होते, तिथे बॅटरीचं आयुष्य. दिवसभराच्या शूटिंगमध्ये नामदेवराव मोजकंच बोलले होते, आणि त्यातल्या प्रत्येक शब्दावर भाऊ बसलेले होते. भाऊंनी रिमोट खाली ठेवला.

"वैनी," ते म्हणाले, "दादा काय म्हणला ते... माह्याच आवाजात..." वाक्य अर्धंच राहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

वहिनी पडद्याकडेच बघत होत्या.

"मले समजलं ते काय म्हणून राह्यले," त्या म्हणाल्या. "जन्म त्या तोंडाकडे पाहून काढला म्या. ते म्हणून राह्यले, 'याले पह्यले जेवाले वाढ, म्हंजे याचं तोंड बंद होईन.'"

मनीषाला आधी हसू फुटलं, मग बायांना, मग वहिनी स्वतः डोळ्यांना पदर लावून हसायला लागल्या. भाऊ हसले की काय केलं, ते मला सांगता येत नाही; त्यांनी तोंड भिंतीकडे केलं होतं आणि खांदे हलत होते.

"बसा," वहिनी उठत म्हणाल्या. "वाढतो तुम्हाले."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात भाऊ पुण्याला मुलाकडे राहायला गेले. त्यांच्या घरात आता एक तरुण जोडपं राहतं, कुणाच्या अध्यात ना मध्यात. गल्लीत दूध वेळेवर येतं. सगळं कसं सुरळीत आणि नीरस. भाऊंची आठवण निघते तेव्हा मला ते कॅमेऱ्यामागे दिसत नाहीत, त्या दुपारचे दिसतात. वहिनींनी ताट समोर ठेवलं, ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, ठेचा. भाऊंनी घास घेण्याआधी रिमोट उचलला, आवाज पुरता बंद केला, आणि तबकडी अगदी पहिल्यापासून लावली.

नामदेवराव दारातून बाहेर आले. मग मंडपात गेले, मग चुलीपाशी. वहिनी टीव्हीजवळ बसून त्यांचं एकेक वाक्य सांगत होत्या.

"आता म्हणून राह्यले, 'मांगं पाह्य रे, शूटिंग करता करता इहिरीत जाशीन.'"

भाऊ भाकर मोडत होते आणि ऐकत होते.